पश्चिम राज्याचं एकोणिसावं प्रकरण

अरोकुन गावच्या कचेरीत अदिगुनने नकाशा टेबलावर पसरला. त्याची पुन्हा सुरळी होऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर स्वतःचा मोबाइल आणि दुसऱ्यावर मोरोलाकेच्या चष्म्याचं घर ठेवलं. मग एका निळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हा ओढा. अलीकडे ओयो राज्य, पलीकडे ओगुन राज्य. तुमची आबा-इरोकोची वस्ती पलीकडे. दिसतंय ना, मॅडम?"

"दिसतंय."

"माणूस आमचा, त्याबद्दल वादच नाही. फातोकी घराणं अरोकुनचं, हे शेंबडं पोरही सांगेल. इथं अरोकुनात पुरायचं म्हणा, तुम्ही खुर्चीतून उठायच्या आत परवाना हातात ठेवतो. पण आबा-इरोकोची माती त्यांची. आणि माणूस पुरायचा तो मातीतच."

"आबा-इरोकोची माणसं मत कुठं देतात?"

"इथं. आमच्या यादीत आहेत ना."

"आणि त्यांची घरं?"

"घरं मातीवर आहेत, मॅडम," अदिगुन म्हणाला.

त्याच्या बोलण्यात कुठेही उर्मटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मोरोलाकेला वाटलं. निदान आवाज चढवता आला असता. तिने चष्म्याचं घर उचललं, आणि नकाशाचा तो कोपरा लगेच गुंडाळला गेला.

तिचे बाबा, जोसाया फातोकी, जाऊन बारा दिवस झाले होते. त्र्याऐंशी वर्षांचे होते. इबादानच्या घरी, लिहायच्या टेबलाशी बसल्या बसल्याच गेले. दफन शुक्रवारी ठरलं होतं आणि आज सोमवार. शवागाराचे लोक, कुठं पुरणार त्याचा परवाना पाहिल्याशिवाय देह हाती देणार नव्हते. आणि बाबांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं: आबा-इरोको, पत्नीशेजारी. त्याखाली सही आणि तारीख. सगळी हयात सरकारी नोकरीत गेली, तेव्हा सही-तारखेवाचून त्यांनी वाणसामानाची यादीसुद्धा कधी केली नव्हती.

बाहेर व्हरांड्यात अलाबीकाका, बाबांचे धाकटे भाऊ, पायघोळ अग्बादाच्या बाह्या खांद्यावर टाकून बसले होते. ती बाहेर येताच तिचा चेहरा पाहूनच त्यांना समजलं.

"नाही ना दिला? मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत, काका."

"अगं, शेतावर माणूस मेला तर आपण त्याला घरी आणतो. आजवर हीच रीत. घरच्या माणसाला शेतावर नेऊन पुरतं का कुणी? लोक काय म्हणतील? अलाबीनं सख्ख्या भावाला घराच्या ओसरीत, बापाच्या थडग्याशेजारी, जागा दिली नाही?"

"आई तिथं आहे."

"तुझी आई तिथलीच, गेलीही तिथंच. तिची गोष्ट वेगळी. माझा भाऊ अरोकुनचा."

"त्यांनी लिहून ठेवलंय, काका."

"लिहून ठेवलंय!" काकांनी हात झटकला. "जन्मभर लिहीतच तर होता. काय उजेड पडला? मांडव सांगून झालाय, गाय ठरलीय, सगळ्यांनी एकसारखं घालायचं निळं कापड घराघरांत शिवायला गेलंय. आणि तू ओढे ओलांडायच्या गोष्टी करतेस!"

ती कॉलेजात ग्रंथपाल होती. उलटून न बोलण्याची तिला तीस वर्षांची सवय होती.

बाबा खरंच लिहीत होते. निवृत्त झाल्यापासून ते एकच पुस्तक लिहीत होते: पश्चिम राज्याचा इतिहास. ते राज्य १९६७ च्या मे महिन्यात झालं आणि १९७६ च्या फेब्रुवारीत त्याचे तीन तुकडे झाले – ओयो, ओगुन आणि ओंडो. जेमतेम पावणेनऊ वर्षं. "एवढ्या वर्षांत मूलसुद्धा धड चौथीत जातं," बाबा म्हणायचे, "आणि आम्ही एवढ्यात सरकार थाटलं, चालवलं आणि मोडलं." इबादानच्या सचिवालयात त्यांनी ते थाटताना पाहिलं होतं आणि मोडतानाही. टाइपरायटरची तिघांत कशी वाटणी झाली, एका कपाटाची दारं एका राज्याला आणि किल्ल्या दुसऱ्याला कशा गेल्या, एकाच खोलीत बारा वर्षं काम केलेली माणसं महिन्याभरात आपापल्या गावच्या राज्यात कशी पांगली, हे ते जेवताना सांगत आणि हसत.

अठरा प्रकरणं मोरोलाकेने स्वतः टाइप केली होती. कोकोचे भाव, करांविरुद्धचा शेतकऱ्यांचा उठाव, युद्धाची वर्षं, सगळं. एकोणिसावं प्रकरण 'वाटणी'. त्याची फाइल तयार होती, नाव घातलं होतं, आत मात्र कोरा कागदही नव्हता. दर रविवारी ती विचारायची, आणि बाबा म्हणायचे, "कागद यायचेत अजून." अशी सहा वर्षं गेली. शेवटच्या रविवारी तिचा धीर सुटला होता. "तुम्हाला पुस्तक संपवायचंच नाहीये," ती म्हणाली होती. "नुसतं टेबलाशी बसायचंय." बाबांनी पेनाचं टोपण लावलं होतं आणि खिडकीबाहेर पाहिलं होतं. बुधवारी ते गेले.

मंगळवारी ती ओढ्यापलीकडच्या राज्यातल्या कचेरीत गेली. आबा-इरोकोवरून सरळ गेलं असतं तर अर्ध्या तासाचं अंतर होतं, पण मोटारीचा रस्ता नसल्यामुळे वळसा घालून अडीच तास लागले. वीज गेली होती. मिसेस सोदिपो नावाच्या अधिकारी बाई खिडकीपाशी खुर्ची ओढून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. चाळिशीच्या, जाड काचांचा चष्मा, डोक्यावर कडक बांधलेला पिवळा रुमाल. त्यांनी शेंगांचा कागद मोरोलाकेपुढे सरकवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"माती आमची, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "पण परवाना आम्ही आमच्या यादीतल्या माणसालाच देतो, मा. नाव दाखवा, मी शिक्का मारते."

"आबा-इरोकोतलं एक तरी नाव तुमच्या यादीत आहे?"

"एकही नाही."

"मग तिथं कुणी मेलं तर?"

मिसेस सोदिपोंनी एक शेंग सोलली. "तसा अर्ज अजून आलेला नाही."

"बेचाळीस वर्षांत?"

"आमच्याकडे नोंद नाही." मग त्यांनाच आपलं उत्तर बरं वाटलं नसावं. त्या उठल्या. "थांबा. त्या वस्तीची एक जुनी फाइल आहे. यादी चुकलीय म्हणून कुणीतरी सारखं लिहीत असतं."

फाइल दोऱ्याने बांधलेली होती. त्यांनी गाठ सोडली आणि सर्वांत तळचा, पिवळा पडलेला कागद काढला. जानेवारी १९७६. पश्चिम राज्याची मुद्रा. एकशे चौदा कुटुंबं, प्रत्येकापुढे एकच नोंद: राहणार अरोकुन.

"ही मूळ यादी. हिच्यामुळे माणसं तिकडे गेली, आणि नकाशामुळे माती इकडे आली. यादी करणाऱ्या अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं, की बाबा माझी चूक झाली, तर मार्ग निघू शकतो. खाली सही आहे बघा. जे. ए. फातोकी. तुमच्याच आडनावाचे! कोण तुमचे?"

मोरोलाकेने सही पाहिली. 'एफ'ची लांब शेपटी तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर होती तशीच.

"वडील."

"अहो, मग सोपंच झालं की! त्यांना घेऊन या."

"त्यांच्यासाठीच परवाना मागतेय."

मिसेस सोदिपोंनी हातातली शेंग खाली ठेवली. "माफ करा, मा," त्या म्हणाल्या. "ऐकलं होतं मी नाव. डोक्यातच आलं नाही." मग फाइल तिच्यापुढे ठेवून त्या उगाचच जनरेटरचं काय झालं ते बघायला बाहेर गेल्या.

फाइलमध्ये बाबांची सतरा पत्रं होती. पहिलं १९७९ चं. प्रत्येक पत्राच्या डाव्या कडेला लाल शाईत एकच शेरा: 'नजरेसमोर ठेवावे.' खाली आद्याक्षरं, दर काही वर्षांनी वेगळी. हा शेरा मोरोलाकेच्या घरातला होता. बाबांनी कारकुनांची एक पिढीच्या पिढी तो लिहायला शिकवली होती. आई म्हणायची, छप्पर गळतंय, आणि बाबा म्हणायचे, नजरेसमोर ठेवलंय. मग आई भांड्यांचा आवाज करायची.

पहिल्या पत्रात होतं, 'कारकुनी चूक झालेली दिसते.' दहाव्यात, 'संबंधित अधिकाऱ्याच्या हातून अनवधानाने.' शेवटचं याच वर्षीच्या मार्चमधलं होतं, आणि त्यातलं अक्षर थरथरत होतं.

'महोदय, सदर यादी मी केली. मी दुपारी वस्तीवर पोचलो तेव्हा इरोकोच्या झाडाखाली दहा-बारा माणसे बसली होती. तुम्ही कुठले, असे मी विचारले. एका तरुणाने सर्वांच्या वतीने अरोकुन असे सांगितले. राहता कुठे, पिकवता कुठे, मुले कुठे जन्मतात, हे मी विचारले नाही. मला कोणी विचारले असते तर मीही तेच सांगितले असते. आपल्यात शेतावरच्या वस्तीला कोणी गाव म्हणत नाही. जिथे सणाला जातो आणि मेल्यावर नेतात, ते गाव. परंतु मी सरकारी माणूस होतो आणि माझ्या पिशवीत नकाशा होता. सासुरवाडीला जेवण वाट पाहत होते, म्हणून मी तो उघडला नाही. त्या तरुणाचे नाव मला ठाऊक आहे. ते येथे आवश्यक नाही. चूक माझी आहे.'

मोरोलाकेने पत्र एकदा वाचलं आणि उलटं करून ठेवलं. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो राग काढायला समोर कुणी नव्हतं. सहा वर्षं कागद यायचेत म्हणाले. आणि कागद इथं होते, त्यांच्याच हातचे. अठरा प्रकरणांतली स्वल्पविरामांची जागा तिला विचारून ठरवली, आणि हे एक विचारलं नाही.

मिसेस सोदिपो परत आल्या. पत्र शपथपत्र नव्हतं, पण त्यांनी एक वाट सुचवली. आबा-इरोकोच्या बालेंनी, म्हणजे वस्तीच्या प्रमुखांनी, पत्र ऐकून त्यावर अंगठा दिला, की वस्तीला ही चूक मान्य आहे असं धरता येईल. मग त्या कागद वर पाठवतील.

"शुक्रवारपर्यंत होईल?"

"शुक्रवारपर्यंत होईल, मा. कुठल्या शुक्रवारपर्यंत, ते मात्र मला सांगता येणार नाही."

बुधवारी ती पत्राची नक्कल घेऊन अरोकुनच्या बाजूने आबा-इरोकोला निघाली. मोटार ओढ्यापर्यंतच गेली. ओयो राज्याने एका निवडणुकीच्या आधी पूल बांधायला घेतला होता आणि आपली हद्द संपते तिथे, ओढ्याच्या मधोमध, तो सोडून दिला होता. पुढे वस्तीने टाकलेल्या फळ्या होत्या.

बाले लामिदी तिला घ्यायला फळ्यांपाशी आले होते. नात्याने ते आईचे चुलतभाऊ, म्हणून लहानपणापासून तिचे मामा. आता एकोणसत्तर वर्षांचे, काटक, आवाज मात्र सगळ्या ओढ्याला ऐकू जाईल असा. तिने गुडघे टेकून नमस्कार केला. त्यांनी तिला उठवलं आणि वळताना त्यांच्या पायाचा अंगठा फळीला ठेचकाळला.

"त्या कारकुनाचं तळपट होवो!" ते कळवळून ओरडले.

ही आबा-इरोकोची नेहमीची शिवी होती. शेळीने पीठ सांडलं, पाऊस चुकला, मोबाइलला रेंज मिळाली नाही, की कारकून. कोणता कारकून ते पोरांना माहीत नव्हतं. मोठ्यांना एवढंच माहीत होतं, की शहात्तर साली इबादानच्या कुठल्या तरी कचेरीत बसून कुणीतरी त्यांना चुकीच्या गठ्ठ्यात टाकलं. यादी करायला दाजीच, म्हणजे मोरोलाकेचे बाबाच, आले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दाजींनी नीटच लिहिलं असणार, वर कुणीतरी घोळ घातला, अशी त्यांची खात्री होती. मोरोलाकेही लहानपणी ही शिवी द्यायची. इथं जेवताना कुणी ती दिली, की बाबा ताटात मान खाली घालून यामचा उकडलेला कंद कुस्करत बसत, हे तिला आत्ता, फळीवर उभं असताना आठवलं.

आईची शाळा भरली होती. आईने ती सुरू केली, कारण दोन्ही राज्यांनी हात वर केले होते. आता तिचीच एक विद्यार्थिनी ती चालवत होती, आणि परीक्षेला मुलं अजूनही अरोकुनच्या शाळेच्या नावावर बसत होती. शाळेमागे आईची सिमेंटची समाधी. तिच्यावर कुणीतरी कोकोच्या बिया वाळत घातल्या होत्या.

"हलवायला सांगू का?" मामांनी विचारलं.

"राहू दे. आईला चाललं असतं."

मामांनी तिला इरोकोखालच्या बाकावर बसवलं, पाहुण्याला देतात तशी कोलाची बी फोडून दिली. मग म्हणाले, "परवान्याचं काय?"

तिने नक्कल काढली. कालपासून ती ठरवत होती, कोणत्या शब्दांत सांगायचं. शेवटी तिने काहीच न सांगता नुसतं वाचून दाखवलं, ग्रंथालयात दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर वाचावा तसं. मामा मान तिरकी करून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा शाळेतल्या मुलांचे पाढे तेवढे ऐकू येत होते.

"दाजींनी?" ते म्हणाले.

"हो."

"आपल्या दाजींनी?"

"हो, मामा."

ते उभे राहिले. "याच बाकावर बसायचे. दरवर्षी. माझ्या हातचं याम खायचे, माझी ताडी प्यायचे, आणि मी त्या कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो, आणि दाजी मान हलवायचे. मान हलवायचे! मी त्यांना विचारायचो, तुम्ही तर त्या सरकारात होता, कोण होता हो तो गाढव? तर म्हणायचे, 'शोध चालू आहे.'"

मोरोलाकेला एकदम हसू फुटलं. ते इतकं अवचित होतं की तिने तोंडावर हात धरला. मामांना हसू आलं नाही. ते तिच्याकडे पाठ करून घरामागे निघून गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

अंगठा मिळणार नाही, हे तिला कळून चुकलं. अलाबीकाकांचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन आला. अरोकुनचा परवाना त्यांनी काढून खिशात ठेवला होता. "आता पुरे झालं, बेटा," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता, आणि त्यानेच ती जास्त खचली. तिने मनाशी ओसरीतली ती जागा पाहिली. फरशा उचकटलेल्या, आजोबा शेजारी. आई इथं, ओढ्याच्या पलीकडे, कोकोच्या बियांखाली. दोघं दोन राज्यांत.

मामा आले ते तोंड धुऊन आले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"परत वाच."

"सगळं?"

"तो तरुण."

तिने वाचलं. "'एका तरुणाने सर्वांच्या वतीने अरोकुन असे सांगितले.'"

"नाव नाही लिहिलं?"

"'ते येथे आवश्यक नाही,' असं लिहिलंय."

"सत्तावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "नवा शर्ट शिवला होता. इबादानहून साहेब येणार म्हणून मुद्दाम घातला. साहेब कसले, आपले दाजीच, पण सोबत ड्रायव्हर होता. शेतावरचा म्हणवून घ्यायची लाज वाटायची गं. अरोकुनात आमचं घर कुठलं! तेव्हाच दोन भिंती पडलेल्या. तरी छातीवर हात ठेवून सांगितलं, अरोकुन. म्हाताऱ्यांना बोलूच दिलं नाही. चाळीस वर्षं मी ज्याला शिव्या घालतोय, त्याच्या शेजारीच उभा होतो की मी."

"त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"तुला सांगितलं?"

"नाही."

"ताईला?"

मोरोलाकेने समाधीकडे पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली. हा प्रश्न आता कुणालाच विचारता येणार नव्हता.

थोड्या वेळाने तिने शाईचं पॅड पुढे केलं. मामांनी ते परत सरकवलं.

"अंगठा नाही देणार."

"मामा, पण–"

"अंगठा दिला की कागद वर जाणार. ताईच्या शाळेचाही वर गेलाय. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून वरच आहे. दाजींना तितके दिवस बर्फात ठेवणार आहेस? घेऊन ये शुक्रवारी. खड्डा मी स्वतः खणवतो."

"परवान्याशिवाय? कुणी चौकशीला आलं तर?"

"कोण?" मामांचा आवाज पुन्हा ओढ्यापलीकडे जाऊ लागला. "ओयोवाले आले तर माती त्यांची म्हणावी लागेल. ओगुनवाले आले तर माणूस त्यांचा म्हणावा लागेल. येऊ दे की! आम्ही काय म्हणतोय बेचाळीस वर्षं? या! मी तर स्वतः तक्रार देणार आहे, दोन्ही कचेऱ्यांत. आमच्या वस्तीत एक माणूस बेकायदा पुरलाय, ताबडतोब कारवाई करा. सतरा पत्रं लिहून दाजींना एक अधिकारी इथवर आणता आला नाही. आता बघू आणतात का."

मोरोलाकेने शाईचं पॅड पिशवीत टाकलं.

"एक मात्र," मामा म्हणाले. "खड्ड्यापाशी नाव घ्यायचं. कारकून कोण होता ते. लोकांना कळू दे. आणि शर्ट कुणी घातला होता तेही."

"लोक चिडले तर?"

"चिडतीलच. मी नाही चिडलो? चिडतील आणि माती टाकतील."

ओढ्यावरूनच तिने अलाबीकाकांना फोन लावला. शवागारातून बाबांना बाहेर काढायला अरोकुनचा परवाना पुरेसा होता, आणि तो काकांच्या खिशात होता. "गुरुवारी दिवसभर त्यांना ओसरीत ठेवू," ती म्हणाली. "मांडव, गाय, निळं कापड, सगळं अरोकुनातच. आजोबांशेजारी एक दिवस राहू दे त्यांना. मग शुक्रवारी इकडे." मग काका म्हणाले, "ओढ्यापर्यंत येईन. पुढे मी लोकांच्या राज्यात पाय ठेवत नसतो."

शुक्रवारी ते खरंच अर्ध्या पुलापर्यंत आले. पेटी फळ्यांवरून जाताना एकाचा पाय घसरला, तेव्हा काकांनी अग्बादा गुडघ्यावर घेतला आणि शिव्या देत पाण्यात उतरून खांदा दिला. पलीकडच्या काठावर गेल्यावरच त्यांच्या ते लक्षात आलं.

खड्ड्यापाशी मोरोलाकेने एकोणिसाव्या प्रकरणाची पहिली दोन पानं वाचली. आदल्या दिवशी ओसरीत, बाबांच्या पेटीजवळ बसून तिने ती लिहिली होती. सुरुवात अशी होती: 'आबा-इरोकोची यादी जोसाया फातोकी याने केली, आणि त्या वेळी त्याच्या पिशवीत नकाशा होता.' दुसऱ्या पानावर नवा शर्ट होता. गर्दीत कुजबुज झाली, एक म्हातारी मोठ्याने काहीतरी बोलली आणि पाठ फिरवून निघून गेली. बाकीचे थांबले. मामांनी पहिली मूठ टाकली.

त्यानंतरच्या सोमवारी ती मामांची तक्रार घेऊन दोन्ही कचेऱ्यांत गेली. अदिगुनने नकाशा काढायला सुरुवात केली, तेव्हा तिने पोच घेतली आणि निघाली. मिसेस सोदिपोंनी तक्रार दोनदा वाचली.

"म्हणजे तुम्हीच पुरलंत, आणि तुमचेच मामा तुमच्याविरुद्ध तक्रार देतायत?"

"हो."

"आणि तुम्हीच ती आणून देताय?"

"मामांना इतकं चालवत नाही."

मिसेस सोदिपोंनी जुन्या फाइलची गाठ सोडली, तक्रार सर्वांत वर लावली आणि लाल पेन उचललं. पेन डाव्या कडेला टेकलं.

मोरोलाकेने कागदावर हात ठेवला. "ते नको," ती म्हणाली. "दुसरं काहीही लिहा. नामंजूर लिहा. पण ते नको."

बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग खालच्या सतरा पत्रांकडे. कडेकडेने लाल शेरे एकाखाली एक दिसत होते. त्यांनी पेन कडेवरून उचललं. मग लिहिलं, 'जागेवर जाऊन पाहणी करावी.'

"कधी?" मोरोलाकेने विचारलं.

"तारीख वरून येते, मा."

"मग मी थांबते."

"आज नाही यायची."

"हरकत नाही."

वीज नव्हतीच. मोरोलाके खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसली, पिशवीतून दोन पानं काढली, आणि बाबांच्या पेनाचं टोपण काढून तिसरं पान लिहायला लागली. थोड्या वेळाने मिसेस सोदिपोंनी शेंगांचा कागद तिच्या बाजूला सरकवला.